अभंग चालतो, वाद चालत नाही

कामथडीत किंवा पुणे-सातारा रस्त्यावरच्या कुठल्याही गावात चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ‘केवढे हे क्रौर्य’ ही पाखराची कविता विचारा. शाळेत पाठ केलेल्या दोन-चार ओळी तो सहज म्हणून दाखवील. ती लिहिणारे ना. वा. टिळक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते हे त्याला ठाऊक असेल किंवा नसेल. ठाऊक असले तरी त्याचे काही बिघडत नाही. आता त्यालाच नीळकंठशास्त्री गोरे विचारा. तो तर सोडाच, गावचे मास्तर, सप्ताहाला आलेले कीर्तनकार, तालुक्याच्या चर्चमधले पाळकसुद्धा बहुधा ‘कोण हे?’ असेच विचारतील.

दोघांत साम्य काही कमी नाही. दोघेही कोकणस्थ ब्राह्मण घरातले. दोघांचेही संस्कृत पक्के. दोघांनी जाणत्या वयात, घरच्यांचा आणि जातीचा रोष पत्करून बाप्तिस्मा घेतला आणि दोघांनाही रीतसर पाळकाची दीक्षा मिळाली. फरक एवढाच, की टिळकांनी ख्रिस्त गाऊन दाखवला आणि गोऱ्यांनी तो सिद्ध करायला घेतला. मराठी समाजाने गाणाऱ्याला जवळ केले आणि सिद्ध करणाऱ्याकडे पाठ फिरवली. याला आपण सहिष्णुता म्हणतो. माझे म्हणणे असे, की यात सहिष्णुतेपेक्षा टाळाटाळ अधिक आहे. परका विचार अभंगाचा अंगरखा घालून आला तर आपण त्याला पाट मांडतो. तो प्रमाणे देऊ लागला, की आपल्याला अचानक दुसरे काम आठवते.

गोऱ्यांचा जन्म १८२५ सालचा, झाशीजवळच्या काशीपुऱ्यातला. कुटुंब पुढे काशीत स्थायिक झाले. पेशवाईच्या काळात उत्तरेत गेलेल्या मराठी घरांपैकी हे एक. नीळकंठने न्याय आणि व्याकरण यांचे अध्ययन काशीच्या पंडितांकडे केले. घरचे शैव वळण सोडून तो वैष्णव झाला. पटेल ते धरायचे आणि न पटेल ते सोडायचे, ही खोड तेव्हापासूनची. काशीत विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी होते. या पाद्र्याचे तोंड एकदाचे बंद करावे म्हणून हा विशीतला शास्त्री त्यांच्याकडे गेला. त्याच सुमारास जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता मांडली होती. तिला उत्तर देणाऱ्या पंडितांत गोरे होते. १८४४-४५ च्या सुमाराचा त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ म्हणजे ख्रिस्ती मतावरचा संस्कृतातला एक कसदार हल्ला आहे. ग्रंथ छापून यायला मात्र शंभरावर वर्षे जावी लागली. सदाशिव कात्रे यांनी तो संपादित केला आणि १९५१ साली उज्जैनहून तो बाहेर पडला. तोवर त्याच्या लेखकाला ख्रिस्ती होऊन एक शतक उलटले होते.

कारण वाद चालू ठेवता ठेवता गोऱ्यांचा पक्षच बदलला. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या हे नाव धारण केले. यात त्यांना काय मिळाले याचा हिशेब मांडायचा तर तो उणेच भरतो. घर तुटले. पत्नी काही काळाने त्यांच्याजवळ आली, पण १८५३ मध्ये मुलीच्या जन्मानंतर वारली. ही मुलगी, एलन लक्ष्मी गोरे, इंग्रज कुटुंबांत वाढली आणि पुढे इंग्रजीतली भक्तिगीतकार म्हणून ओळखली गेली. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर गोरे इंग्लंडला गेले, तेव्हा ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांची गाठ पडली. काशीहून आलेल्या या माणसाला वाटले होते, की ख्रिस्ती देशाची राजधानी म्हणजे काशीहून पवित्र नगरी असणार. प्रत्यक्षातले लंडन बघून त्याचे काळीज फाटले. मॅक्समुल्लर यांनी आपल्या आठवणींत या खचलेल्या शास्त्र्याचे चित्र काढून ठेवले आहे.

परत आल्यावर त्यांनी महू, इंदूर, पुणे, अहमदनगर, मुंबई अशा ठिकाणी काम केले. प्रॉटेस्टंट मिशनचे सुटसुटीत वळण त्यांना पुरेना. व्रत, उपास, प्राचीन परंपरा आणि संस्कार यांना मान देणाऱ्या उच्च अँग्लिकन पंथाकडे ते सरकले. १८७० मध्ये त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यासी संघात ते १८७६ मध्ये उमेदवार म्हणून दाखल झाले. पण पूर्ण व्रत काही त्यांनी घेतले नाही. शेवटपर्यंत ते उमेदवारच राहिले आणि २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वारले. बिशपपद नाही, संस्था नाही, मागे शिष्यसंप्रदाय नाही. ज्याला आपण ‘कारकीर्द’ म्हणतो तिच्या मापाने ही कारकीर्द फसलेलीच. या माणसाची खरी मिळकत म्हणजे त्याचे युक्तिवाद. तेच आपण उघडून पाहिले नाहीत.

त्यातला एक उघडून पाहू. १८६० साली गोऱ्यांनी हिंदीत ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिले. फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८६२ मध्ये कलकत्त्याला निघाला. ग्रंथाची धाटणी न्यायशास्त्र्याची आहे. आधी समोरच्याचे मत त्याच्याच ग्रंथांतून मांडायचे, मग एकेक सांधा ठोकून बघायचा. अद्वैती म्हणतो, ब्रह्म हे ज्ञानस्वरूप आहे. पण ते कशाचेही ज्ञान नव्हे, आणि जाणणारा कुणी वेगळा नव्हे. गोरे विचारतात, जाणणारा काढला, जाणायची वस्तू काढली, तर ‘ज्ञान’ म्हणून मागे उरले काय? उरला तो निव्वळ शब्द. मग हे ब्रह्म आणि ज्याची वेदान्ती टिंगल करतात ते बौद्धांचे शून्य, यांत भेद कसा करायचा? दोरीवर भासणाऱ्या सापाची गोष्ट घ्या. वेदान्ती त्या सापाला प्रातिभासिक सत्ता देतो, जगाला व्यावहारिक सत्ता देतो आणि ब्रह्माला पारमार्थिक. गोऱ्यांचे म्हणणे, दोरीवर साप नव्हताच. चुकले ते पाहणे. चुकीच्या पाहण्याने वस्तूला कुठल्याही दर्जाचे असणे मिळत नाही. असणे एकाच जातीचे. वस्तू असते किंवा नसते.

याला अद्वैताकडे उत्तर नाही असे कुणी समजू नये. चैतन्य स्वयंप्रकाश आहे, त्याला विषयाची गरज नाही, हे उत्तर जुने आहे आणि गोऱ्यांनी त्याला पुरेसा न्याय दिला असे मला वाटत नाही. सगळे वेदान्त त्यांनी नैयायिकाच्या चष्म्यातून वाचले. साधकाच्या अनुभवाला त्या चष्म्यात जागा नाही. पण ही त्रुटी दाखवायची तर आधी ग्रंथ वाचावा लागतो, आणि इथेच घोडे पेंड खाते.

मायावादाची झडती घेणे म्हणजे काही परधर्माचे आक्रमण नव्हते. रामानुजांनी ती गोऱ्यांच्या कित्येक शतके आधी घेतली होती. मराठीत तर ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरणच अज्ञानखंडनाचे आहे, अज्ञान नावाची काही वस्तू आहे या कल्पनेची ज्ञानदेवांनी तिथे चिरफाड केली आहे. आमच्याकडच्या गावांत सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण निष्ठेने होते, ‘अमृतानुभव’ मात्र अभावानेच उघडला जातो. ज्ञानदेवांतला भक्त आपण घेतला आणि वाद घालणारा ज्ञानदेव फडताळात ठेवला. स्वतःच्या घरातल्या तार्किकाची ज्यांनी ही गत केली, ते बाहेर गेलेल्या तार्किकाला काय विचारणार?

गोऱ्यांची तलवार एकाच बाजूला धार असलेली नव्हती. प्रार्थनासमाजी मंडळी त्यांना जवळची वाटायला हवी होती: मूर्तिपूजा नको, एक दयाळू ईश्वर हवा, पापाची जाणीव हवी. पण १८७५ च्या सुमारास मुंबई-पुण्यात ब्राह्म विचाराच्या लोकांपुढे व्याख्याने देताना गोऱ्यांनी त्यांनाच कोंडीत पकडले. तुमचा हा प्रेमळ, निर्माता, पापक्षमा करणारा ईश्वर निव्वळ बुद्धीने सापडला म्हणता, तर तो काशीच्या एवढ्या कुशाग्र पंडितांना का सापडला नाही? तुम्ही तो ख्रिस्ती विचारातून उचलला आहे आणि उचलला हे मात्र सांगत नाही. युक्तिवाद बोचरा आहे. त्याला उत्तर आहे, आणि तेही मराठीत आहे: तुकोबांचा देव कुठल्या मिशनरीकडून आला नव्हता. गंमत अशी, की भारतीय माणसाच्या अंगी अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता हे गुण ईश्वरानेच रुजवून त्याची ख्रिस्तासाठी तयारी करून घेतली, असे खुद्द गोरेच दुसऱ्या ठिकाणी म्हणतात. त्यांचाच एक हात दुसऱ्याला ओढतो. असा विसंवाद जिथे सापडतो तिथेच खरी चर्चा सुरू व्हायला हवी होती.

ती एका व्यक्तीने केली, आणि ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. पुण्यात त्यांची गोऱ्यांशी ओळख झाली. पुढे इंग्लंडात वाँटेजला असताना गोऱ्यांच्या लेखनाने आपली बुद्धी वळवली, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण गोऱ्यांकडून त्यांनी मत जेवढे घेतले त्याहून अधिक सवय घेतली. बाप्तिस्म्यानंतर त्या वाँटेजच्या भगिनींशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर पत्रांतून अशा भांडल्या, की शिकवायला बसलेल्या बायांनाच घाम फुटावा. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणा पुरोहिताच्या हवाली करणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. काशीचा न्याय गोऱ्यांमार्फत केडगावच्या मुक्तिसदनापर्यंत असा पोहोचला.

आता बाकीच्या पुण्याकडे पाहा. गोऱ्यांच्याच काउली संघाचे पुण्यातले ठाणे म्हणजे पंचहौद मिशन. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथे एका व्याख्यानाला शहरातले नामांकित लोक गेले. न्यायमूर्ती रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी हात लावून ठेवून दिली. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ पत्राकडे पोचवली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, साक्षी झाल्या, प्रायश्चित्ते झाली, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारकच त्यांच्यावर तुटून पडले. चहा नुसता घेतला की प्यायला, यावर शास्त्रार्थ झाला. त्याच संघाचा एक मराठी शास्त्री तीस वर्षांपूर्वी साही दर्शनांचे खंडन लिहून बसला होता. त्याच्या एका पानावर असा शास्त्रार्थ झाला नाही. परधर्माचा कप चर्चेला येतो, परधर्माचे म्हणणे येत नाही, हे यापेक्षा स्पष्ट काय सांगायचे?

नेहमीच असे होते असेही नाही. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सनशी जाहीर वाद घातला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून तो पुढे नेला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांना तोंड देत होते, आणि लोक ऐकायला जमत होते. म्हणजे वादाची हौस आपल्यात होती. ती विझली ती पुढच्या दोन-तीन पिढ्यांत. धर्म हा खऱ्याखोट्याचा प्रश्न राहिला नाही, आपल्या-परक्याचा झाला. आपला असेल तर तपासायचे कशाला, आणि परका असेल तर ऐकायचे कशाला?

ना. वा. टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. तेही नुसते गाणारे नव्हते. परदेशी मिशनच्या पैशावर जगणारे चर्च लाचार होते, हे त्यांनी मिशनमध्ये राहून सुनावले. १९१७ साली नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एका पंक्तीला बसावेत अशी योजना होती. चर्चची मर्यादा कुठवर, ख्रिस्ताचा अनुयायी कुणाला म्हणायचे, हा धर्मशास्त्रातला अवघड प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष करून विचारला. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांचे अभंग राहिले, प्रश्न मात्र ‘दरबारा’बरोबर उठून गेला. गोऱ्यांना आपण पूर्ण विसरलो आणि टिळकांना अर्धे. विसरलेला अर्धा भाग दोघांचा एकच आहे.

यावर तीन आक्षेप घेता येतील आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की गोरे काशीत वाढले, त्यांनी बहुतेक लेखन संस्कृत, हिंदी आणि इंग्रजीत केले. मराठीने त्यांना का आठवावे? हे अंशतः खरे. पण काशीच्या गागाभट्टांना आठवताना आपल्याला भाषेची आडकाठी वाटत नाही. गोऱ्यांचे उत्तरायुष्य तर बरेचसे पुण्या-मुंबईत, मराठी माणसांशी बोलण्यातच गेले.

दुसरा आक्षेप सत्तेचा. मिशनऱ्याच्या मागे इंग्रजाचे राज्य उभे असताना त्याच्याशी बरोबरीचा वाद कसा व्हायचा? प्रश्न रास्त आहे. मोठ्या सत्तेच्या सावलीत केलेली टीका ऐकणाऱ्याला टीका वाटत नाही, दांडगाई वाटते. गोऱ्यांच्या भाषेत मूर्तिपूजेबद्दलचा तुसडेपणाही आहे. बाहेर पडलेल्या माणसाचा कडवटपणा तो. मात्र राज्य जाऊन पाऊणशे वर्षे झाली. ज्या सावलीमुळे ऐकू येत नव्हते ती सरली, आता न ऐकायला सबब कोणती?

तिसरा आक्षेप सगळ्यात खोल आहे. तो असा, की महाराष्ट्रातले बहुसंख्य ख्रिस्ती कुणा शास्त्र्याच्या अनुमानाने ख्रिस्ती झाले नाहीत. १८९३ मध्ये स्थापन झालेले ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ भोर-नसरापूरच्या या पट्ट्यात आले, ते षड्दर्शनांची चर्चा करायला नव्हे. खेडोपाडी मिशनने आणली शाळा आणि औषध; आणि ज्याला गावाने पाणवठ्यावर उभे केले नाही त्याला पंक्तीला बसायची जागा. तिथे गोरे हा ब्राह्मणांचा आपसातला मामला ठरतो. मी हे मान्य करतो, पण त्यातून निघणारा अर्थ मान्य करत नाही. ‘ज्या देवाच्या देवळात मला शिरता येत नाही तो माझा देव कसा?’ हा प्रश्न विचारणारा माणूस गोऱ्यांइतकाच तर्क करत असतो. त्याला पारिभाषिक शब्द येत नाहीत म्हणून त्याचे कारण ‘आमिष’ होत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ म्हणून जे भाषण केले ते मुळी धर्मांतराची सविस्तर कारणमीमांसा आहे: माणूस धर्मासाठी की धर्म माणसासाठी, एकेक पायरीने. सवर्ण समाज त्या निर्णयाने हादरला, संतापला, हळहळला. त्या कारणांना मुद्देसूद उत्तर देणारे फार थोडे निघाले.

आजही रीत तीच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’सारखे काम मराठीत केले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा काहींनी विरोध केला, तो पाद्री आहेत म्हणून. समर्थकांनी बाजू घेतली, ती पर्यावरणासाठी झगडणारे सज्जन म्हणून. त्यांच्या ग्रंथातला विचार पटतो की नाही, हे दोन्ही बाजूंनी कुणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. आणि धर्मांतराची चर्चा निघाली की तिची सगळी भाषा बळजबरी, फसवणूक, प्रलोभन या तीन शब्दांत संपते. हे तिन्ही प्रकार घडत असतील तिथे कायद्याने जरूर पाहावे. पण माणसाला एखादी गोष्ट ‘पटली’ ही शक्यता या भाषेत औषधालाही नाही. घर, जात, मुलीचे बालपण एवढे गमावून बसलेला काशीचा शास्त्री या तीन शब्दांपैकी कुठल्या रकान्यात बसवायचा?

चर्चही यातून सुटत नाही. पुणे हे देशातल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे मोठे केंद्र आहे. काथोलिकांची पेपल सेमिनरी १९५५ पासून इथे आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. तिथे गोऱ्यांचा अभ्यास होतो, पण तो इंग्रजीत. भोरच्या किंवा नगरच्या मंडळीत रविवारी बसणाऱ्या मराठी माणसापर्यंत तो येत नाही. त्याला टिळकांची गीते मिळतात, गोऱ्यांची शंका मिळत नाही. आणि गोऱ्यांकडे शंका होती. विशीत त्यांनी ख्रिस्ती मतावर घेतलेला एक जबरदस्त आक्षेप म्हणजे अनंतकाळच्या नरकाचा: मर्यादित आयुष्यातल्या मर्यादित पापाला अमर्याद शिक्षा देणारा देव न्यायी कसा? आणि ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावच गेले नाही त्यांचे काय? पुढे ख्रिस्ती झाल्यावर याच सिद्धान्ताच्या समर्थनार्थ त्यांना पुस्तिका लिहावी लागली. स्वतःच मांडलेल्या पूर्वपक्षाला त्यांनी स्वतः उत्तर दिले, आणि तरीही तो प्रश्न त्यांना उमरभर छळत राहिला. श्रद्धावान माणसाने शंका लपवू नये, तिला नाव-गाव देऊन समोर बसवावे, हा धडा मराठी चर्चला त्यांच्याइतका चांगला कुणी दिला नसता.

म्हणून गोऱ्यांचा पुतळा, जयंती, रस्त्याला नाव यातले काही मी मागत नाही. तसे केले की माणूस पुन्हा अभंगाच्या गाभाऱ्यात जाऊन बसतो आणि वाद मिटतो. ‘षड्दर्शन दर्पण’ आणि ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ ही दोन्ही पुस्तके चांगल्या मराठीत, एकाच जिल्दीत यावीत; एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी लढलेली ही लढाई जगात दुर्मीळ आहे. ‘अमृतानुभव’ वाचलेल्या कुणा वारकऱ्याने पहिल्याला उत्तर लिहावे आणि कुणा मराठी ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याला. उत्तर कडक असले तरी चालेल. शास्त्री परंपरेत समोरच्याचे मत खोडण्याआधी ते त्याच्याहून नीट मांडावे लागते, आणि दुसऱ्याच्या धर्माला याहून मोठा मान देता येतो असे मला वाटत नाही. गोऱ्यांनी आपल्याला तो मान दीडशे वर्षांपूर्वी दिला. परतफेड बाकी आहे.